आजीच्या आठवणी रेकॉर्ड करायला फोन पुरेल की वेगळा रेकॉर्डर घ्यावा?

नमस्कार मंडळी,

माझी आजी ८९ वर्षांची आहे. तिच्या आठवणी तिच्याच आवाजात जपून ठेवायच्या आहेत. गेल्या महिन्यात फोनवर सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी ती तिच्या धाकट्या भावाबद्दल पहिल्यांदाच बोलत होती आणि नेमका मला कॉल आला. रेकॉर्डिंग थांबलं, ते माझ्या लक्षात आलं वीस मिनिटांनी. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर म्हणाली, "काल सांगितलं की." ते परत तसं आलंच नाही.

तेव्हापासून वाटतंय, या कामाला वेगळा रेकॉर्डरच हवा. बटण दाबलं, लाल दिवा लागला की झालं. घरचे म्हणतात, फोन एअरप्लेन मोडवर टाक. बरोबर आहे, पण मी एकदा विसरले की संपलं. शिवाय फोनमध्ये आजी बोलता बोलता थांबली की पंख्याची घरघर वाढलेली ऐकू येते. तिचं थांबणंही मला हवंय, घरघरीशिवाय.

रेकॉर्डरची माहिती वाचून मात्र गोंधळले आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओ वॅव्ह फाइलला (आवाज न आकसता साठवणारी) मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. नुसत्या बोलण्याला एवढं हवं का, की आकसलेली एमपी३ चालेल? आजी कधी कुजबुजते, कधी खळखळून हसते. मग ३२ बिट फ्लोटवाला, म्हणजे हळू आणि मोठा दोन्ही आवाज सांभाळून घेणारा, रेकॉर्डर घ्यावा का? की फोनलाच कॉलर माइक लावून भागेल?

कोणी घरच्यांचं असं रेकॉर्डिंग केलं असेल तर कृपया सांगा. आजी थकत चालली आहे.

प्रतिसाद १:
आधी माइकचं अंतर बघा. ते निम्मं केलं की बोलण्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, पंख्याचा जवळपास तेवढाच राहतो. म्हणून कॉलर माइक फोन आणि रेकॉर्डर दोन्हीकडे कामाला येतो. तरी तुमचा अनुभव बघता रेकॉर्डर घ्याच. ३२ बिट फ्लोट असेल तर आवाजाची पातळी नंतरही सावरता येते. वॅव्हच ठेवा, पण स्टिरिओऐवजी मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची. जागा निम्मी लागते. आणि फोनही एअरप्लेन मोडवर शेजारी चालू ठेवा, एक चुकलं तर दुसरं हाताशी राहील. फाइल त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवा.

धागाकर्ती:
दोन्ही एकदम चालू ठेवायचं सुचलंच नव्हतं, मनापासून आभार. रेकॉर्डर येईपर्यंत थांबत नाही. उद्या सकाळी फोन आणि कॉलर माइक घेऊन आजीपाशी बसते.