सिंगापूरच्या पुलाउ उबिन बेटावर एक दिवस : वडील आणि मुलासह जायचे आहे, सल्ला हवा

रंकाळाकाठ (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरहून सिंगापूरला माझ्या धाकट्या भावाकडे जाणार आहोत. सोबत माझे वडील आणि पाचवीतला मुलगा असेल. वडिलांनी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतरही ते दाजीपूर, आंबोली, दांडेली अशा ठिकाणी पक्षी पाहायला जात राहिले. आता गुडघ्यांमुळे चढउताराचे चालणे त्यांना झेपत नाही, परंतु सपाट वाटेवर मधूनमधून बसत तास-दीड तास ते आनंदाने चालतात. भावाने मत्स्यालय, उद्याने आणि दुकाने यांची भरगच्च यादी तयार ठेवली आहे. वडिलांचे म्हणणे मात्र एवढेच आहे की एक दिवस तरी त्यांना मोकळ्या रानात न्यावे. चौकशी करताना पुलाउ उबिन या बेटाचे नाव पुढे आले.

या बेटावर एका दिवसात काय काय पाहणे शक्य आहे, सकाळी किती वाजता पोहोचावे, सायकली घ्याव्यात की वाहन करावे आणि शाकाहारी माणसाच्या जेवणाची काय सोय आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मुलाला माकडांची थोडी भीती वाटते, तेही लक्षात घ्यावे.

सह्यकडा (कोल्हापूर)

आपल्या वडिलांची आवड पाहता ही निवड अगदी योग्य आहे. नोकरीनिमित्त मी काही वर्षे सिंगापूरला होतो आणि सुट्टी मिळाली की बहुधा उबिनलाच असायचो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी ओहोटीची वेळ पाहा आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा. बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावा नावाची सुमारे 100 हेक्टरची पाणथळ जागा आहे. वाळूचा किनारा, खडकाळ किनारा, समुद्री गवताचा उथळ पट्टा, प्रवाळांच्या तुकड्यांचा थर, खारफुटी आणि किनाऱ्यावरचे जंगल असे सहा अधिवास तिथे एकमेकांना खेटून आहेत, आणि ते चिखलात पाय न घालता पाहता यावेत म्हणून पाण्यावरून आणि खारफुटीतून खांबांवर उभारलेली, एक किलोमीटरहून थोडी अधिक लांबीची सपाट पायवाट आहे. भरतीच्या वेळी गेलात तर त्या पायवाटेखाली नुसते पाणी दिसते. ओहोटीला गेलात तर तिथेच तासभर पाय निघत नाही.

मे महिन्यात तिथली खोल ओहोटी पहाटे आणि सकाळी येते, वर्षअखेरीस ती संध्याकाळकडे सरकते, त्यामुळे आपली सुट्टी सोयीच्या काळात आहे. घरच्या दिनदर्शिकेत अमावास्या आणि पौर्णिमा पाहून ठेवा, कारण उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत जास्त मागे हटते. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते आणि चेक जावाचे फाटक सकाळी साडेआठला उघडते, म्हणून नेमकी तिथी धरण्यापेक्षा तिच्यानंतरचे दोन-तीन दिवस अधिक उपयोगी पडतात. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी फारसे उतरत नाही. ते दिवस भावाच्या यादीला द्यावेत. तिथीवरून अंदाज येतो, परंतु शेवटचा निर्णय सिंगापूरचे अधिकृत भरती-ओहोटीचे कोष्टक पाहूनच करावा. पाण्याची पातळी अर्धा मीटर किंवा त्याहून कमी दाखवली असेल तर तो दिवस सोडू नका.

जाण्याची रीत सोपी आहे. तानाह मेराह मेट्रो स्थानकाहून 2 क्रमांकाची बस चांगी व्हिलेजला जाते आणि तिथून धक्का चालत काही मिनिटांवर आहे. बमबोट नावाच्या लाकडी यांत्रिक नावा बारा प्रवासी जमले की सुटतात. माणशी चार सिंगापूर डॉलर रोख द्यावे लागतात आणि दहा-पंधरा मिनिटांत आपण बेटावर उतरतो. बेट सिंगापूरचेच असल्यामुळे पासपोर्टवर शिक्का वगैरे काही लागत नाही. त्याच धक्क्यावरून मलेशियातील पेंगेरांगला जाणाऱ्या नावाही सुटतात, म्हणून रांगेत उभे राहण्यापूर्वी पाटी वाचावी.

चाकावरचा (उचगाव)

माझे मत थोडे वेगळे आहे. उबिन साधारण 10 चौरस किलोमीटरचे बेट आहे आणि ते सायकलीवरच पाहावे. धक्क्यापासून चार पावलांवर सायकली भाड्याने मिळतात, लहान मुलांच्या मापाच्याही मिळतात. पूर्वेला चेक जावा पाहून दुपारी पश्चिमेच्या केताम भागात जावे. तिथे दगडाच्या जुन्या खाणीत साचलेला खोल तलाव आणि त्याच्याभोवती माउंटन बाइकच्या वाटा आहेत. पाचवीतल्या मुलाला नुसते पक्षी पाहत बसवले तर दुपारपर्यंत तो कंटाळेल. आजोबांना गावात एखाद्या सावलीच्या बाकावर बसवून मामा-भाच्यांनी एक फेरी मारून यावे.

सह्यकडा (कोल्हापूर)

भाऊ, आपला मुद्दा तरुण मंडळींसाठी खरा आहे. पण हा दिवस वडिलांच्या इच्छेखातर आखला जात आहे आणि त्यांनाच बाकावर बसवून पुढे जाणे मला पटत नाही. केतामच्या वाटा खडकाळ आहेत, नवशिक्याला त्या जड जातात, आणि विषुववृत्तापासून दीड अंशाच्याही आतली मे महिन्यातली दमट दुपार सायकल चालवण्यासाठी चांगली वेळ नव्हे. आपल्याकडच्या मेमध्ये ऊन कडक असले तरी घाम वाळतो. तिथे तो वाळत नाही आणि माणूस लवकर गळून जातो. माझ्या मते केताम या खेपेला वगळावे. दोन्ही टोके गाठण्याच्या नादात रस्ताच जास्त पाहिला जातो.

धक्क्यापासून चेक जावा सुमारे तीन किलोमीटरवर आहे आणि रस्त्यात लहान चढ आहेत. गावातच भाड्याच्या व्हॅन मिळतात. सकाळी पोहोचल्याबरोबर व्हॅन करून सरळ चेक जावाला जावे आणि परत न्यायला किती वाजता यायचे ते चालकाशी आधीच ठरवून घ्यावे. मुलाला हौस असेल तर जेवणानंतर गावाच्या आसपासच्या सपाट रस्त्यावर अर्धा तास सायकल द्यावी, एवढे पुरते.

रंकाळाकाठ (राजारामपुरी, कोल्हापूर)

दोघांचेही आभार. वडिलांना आपला प्रतिसाद वाचून दाखवला आणि त्यांनी लगेच दिनदर्शिका काढली. त्यांचे दोन प्रश्न आहेत. उबिनवर धनेश, म्हणजे तो मोठ्या चोचीचा पक्षी, दिसतो असे ते म्हणतात; तो आणि आपल्याकडचा कवड्या धनेश एकच का? आणि चेक जावाच्या पायवाटेवरून नेमके काय पाहायचे, म्हणजे नजर कुठे ठेवायची?

पाणथळ (कळंबा)

वडिलांना माझा नमस्कार सांगावा. दांडेलीला आणि तळकोकणात दिसतो तो मलबारी कवड्या धनेश. उबिनवरचा पौर्वात्य कवड्या धनेश आहे. दोघे एकाच कुळातले, सख्ख्या भावांइतके जवळचे आहेत. पक्षी उडताना शेपटी पाहावी : मलबारी धनेशाच्या शेपटीची बाहेरची पिसे पूर्ण पांढरी असतात, तर उबिनच्या धनेशाची पिसे काळी असून त्यांची फक्त टोके पांढरी असतात. हा धनेश एकोणिसाव्या शतकात सिंगापूरमधून नाहीसा झाला होता. 1994 मध्ये तो उबिनवर पुन्हा दिसला. त्याला घरटे करण्याजोग्या मोठ्या ढोली असलेली जुनी झाडे उरली नव्हती, म्हणून संशोधकांनी झाडांवर कृत्रिम ढोल्या बसवल्या. धनेशांनी त्या स्वीकारल्या आणि आज हा पक्षी मुख्य सिंगापूर बेटावरही दिसतो. आपल्याकडे सड्यावरचे एखादे जुने झाड तोडताना त्याच्या ढोलीचा विचार कोणी करत नाही, तेव्हा मला ही हकीकत नेहमी आठवते. उबिनवर फळांनी लगडलेले वडा-उंबराच्या जातीचे झाड दिसले की खाली थांबावे आणि आवाज ऐकावा. धनेश बोलघेवडा आहे, त्याचा कलकलाट आधी कानावर येतो.

रानकोंबड्याकडेही लक्ष द्यावे. सह्याद्रीतला आपला रानकोंबडा करड्या रंगाचा. तिथला तांबडा, म्हणजे आपल्या गावठी कोंबड्यांचा मूळ पूर्वज. त्याचे पाय राखाडी असतात आणि कानाजवळ पांढरा ठिपका असतो, त्यावरून तो ओळखावा.

आता पायवाटेविषयी. खारफुटीच्या भागात खाली चिखलाकडे पाहावे. कोकणात ज्याला निवटी म्हणतात तसा मासा तिथे पाण्याबाहेर, पुढच्या परांवर रेलून बसलेला दिसेल. पहिल्यांदा तो चिखलाचाच गोळा वाटतो, आणि मग त्याचे डोक्यावर आलेले डोळे एकदम आत जाऊन पुन्हा वर येतात. फिडलर खेकड्याच्या नराची एक नांगी त्याच्या अंगाच्या मानाने अवाढव्य असते. तो बिळाच्या तोंडाशी उभा राहून ती एका लयीत वर-खाली करतो आणि शेजारचा नरही तेच करू लागतो. माणसाची सावली पडली की सगळे क्षणात बिळात जातात. हालचाल न करता उभे राहिले तर काही मिनिटांत एकेक करून वर येतात. मुलाला हे धीर धरून पाहायला सांगा, तो कंटाळणार नाही. खारफुटीत गुडघाभर आणि त्याहून उंच असे मातीचे ढिगारे दिसतील, ते चिखलातल्या एका शेवंडासारख्या जीवाने जमिनीखालून माती वर फेकून केलेले असतात. समुद्राकडच्या भागात पाणी ओसरल्यावर समुद्री गवत, समुद्रफुले आणि कधी तारामासे दिसतात. त्यासाठी दुर्बीण हवीच, कारण पायवाट सोडून खाली उतरण्यास मनाई आहे.

वाटेजवळच जेजावी नावाचा सुमारे 20 मीटर उंचीचा मनोरा आहे. वडिलांनी तो चढण्याचा आग्रह धरू नये. आपण आणि मुलाने चढून झाडांच्या शेंड्यांच्या पातळीवरून जंगल पाहावे. 1930 च्या दशकातले इंग्रजी धाटणीचे एक दगडी घर तिथे आहे, त्यात माहिती केंद्र आहे आणि मागे समुद्राकडे बसायला जागा आहे. वडिलांनी तेवढा वेळ तिथे बसावे.

ही सगळी जागा भराव टाकून बुजवली जाणार होती, हेही मुलाला सांगा. निसर्गप्रेमी, अभ्यासक आणि सामान्य नागरिक यांनी सरकारकडे विनवण्या केल्या, तिथल्या जीवांच्या नोंदी करून दिल्या आणि डिसेंबर 2001 मध्ये, काम सुरू होण्याच्या बेतात असताना, भराव पुढे ढकलण्याचा निर्णय झाला. पायवाट आणि मनोरा 2007 मध्ये खुले झाले.

बावड्याची लेक (कसबा बावडा)

ताई, जेवणाचे मी सांगते. माझी मुलगी तिथे राहते आणि आम्ही दोघी शाकाहारी आहोत. गावात मोजक्या खानावळी आहेत, त्यांचा भर मासळीवर आहे आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी त्यांतल्या काही बंद असतात. शहाळे मात्र मिळते. तेव्हा घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ बांधून न्यावा. पाणी भरपूर घ्यावे, कारण शहराची नळयोजना बेटापर्यंत आलेली नाही आणि चेक जावाच्या बाजूला दुकान नाही.

डबा प्लास्टिकच्या पिशवीत हातात धरून मुळीच चालू नये. तिथल्या लांब शेपटीच्या माकडांना पिशवीचा आवाज म्हणजे खाऊ हे पक्के ठाऊक आहे. सगळे पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवावे, माकडाच्या डोळ्याला डोळा लावू नये, दात दाखवून हसू नये आणि मुलाने पळू नये; एवढे पाळले तर ती आपल्या वाटेला जात नाहीत. रानडुकरेही वाटेवर येतात, कधी पिलांसह. लांबूनच पाहावीत. कोणत्याही वन्य प्राण्याला खाऊ घालणे हा सिंगापूरमध्ये गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी 5000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, हे आजोबांच्या कानावर घालावे, कारण आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांचा हात पटकन सैल सुटतो.

पायात रबरी तळाचे बंद बूट हवेत, पावसाने पायवाट निसरडी होते. डास भरपूर आहेत, म्हणून पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत आणि मलम लावावे.

रंकाळाकाठ (राजारामपुरी, कोल्हापूर)

सर्वांचे मनापासून आभार. पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस आम्ही धरला आहे. सकाळची नाव, व्हॅनने चेक जावा, दुपारी गावात जेवण असा बेत आहे. जेवणानंतर फार न चालता पाहण्यासारखे काही आहे का? आणि त्याच सकाळी पाऊस आला तर काय करावे?

सह्यकडा (कोल्हापूर)

जेवणानंतर पेकान खाणीकडे जावे, ती गावापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. उबिनचा ग्रॅनाइट एकेकाळी सिंगापूरच्या बांधकामांसाठी जात असे. 1851 मध्ये पूर्ण झालेले हॉर्सबर्ग दीपगृहही याच दगडाचे आहे. खाणी बंद पडल्यावर त्यांत पाणी साचले, आणि पेकानच्या तलावातल्या झाडांवर राखी बगळ्यांची वीण होते. कठड्याशी बसून दुर्बिणीने घरटी पाहता येतात, म्हणून वडिलांना ही जागा फार आवडेल. जवळच फुलपाखरांसाठी मुद्दाम झाडे लावलेली एक लहान टेकडी आहे, तिथे मुलाला घेऊन जावे.

पावसाविषयी : एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत सुमात्राच्या बाजूने येणारी वादळी सर कधी कधी पहाटे किंवा सकाळीच गाठते. ती बहुधा तास-दोन तासांत ओसरते, पण तेवढ्यात ओहोटी निघून जाते, म्हणून त्याच्या पुढचा दिवसही मोकळा ठेवावा. विजा चमकत असताना पायवाटेवर जाऊ नये, आडोशाला थांबावे. निघण्याच्या आदल्या दिवशी नॅशनल पार्क्स बोर्डाच्या संकेतस्थळावर पायवाटेचा कोणता भाग दुरुस्तीसाठी बंद आहे का, तेही पाहून घ्यावे.

परतताना धक्क्यावर पाच वाजेपर्यंत यावे. नावा सूर्यास्ताच्या सुमारास थांबतात आणि सुट्टीचा वार नसेल तर संध्याकाळी बारा माणसे जमायला वेळ लागतो. फार थांबावे लागले तर उरलेल्या जागांचे पैसे आपण भरले की नावाडी लगेच नाव सोडतो, तेवढी रोख रक्कम वेगळी ठेवावी.