गाडीत मूल ठेवून जाण्याविरुद्धचे कायदे : जुलूम कसला?

सांजवात (डॅलस)
'पाच मिनिटं मूल गाडीत ठेवलं तर आई गुन्हेगार? हे सरकार आहे की सासू?' हा परवाचा धागा वाचून डोकं फिरलं. तिथे दोन ओळींत भागणार नाही म्हणून हा वेगळा. ज्या टेक्सासच्या कायद्यावर एवढा गळा काढलाय तो वाचा तरी. सात वर्षांखालचं मूल, पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ, सोबत 14 वर्षांचं किंवा मोठं कोणी नाही, आणि हे सगळं माहीत असून ठेवलं, तर गुन्हा. शिक्षा? जास्तीत जास्त 500 डॉलर दंड. फ्लोरिडात तर इंजिन बंद असेल आणि मुलाला धोका नसेल तर 15 मिनिटांपर्यंत मुभा आहे. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंश सेल्सियसने तापते, काच बोटभर खाली ठेवून फार फरक पडत नाही. तेव्हा 'आमची आई आम्हाला अ‍ॅम्बॅसडरमध्ये बसवून भाजी आणायची' हे ऐकवू नका.

टाळकुटे (सॅन होजे)
अर्धेच आकडे दिलेत. अमेरिकेत वर्षाला सरासरी 37 मुलं तापलेल्या गाडीत अशी जीवानिशी जातात. त्यातली निम्म्याहून जास्त विसरलेली, साधारण चौथा हिस्सा आपणहून गाडीत शिरून अडकलेली. तुमचा कायदा उरलेल्यांपुरता. जो मूलच विसरला त्याला दंड आठवणार आहे का? नव्वदच्या दशकात पुढच्या एअरबॅगच्या धोक्यापायी मुलं मागच्या सीटवर गेली आणि विसरण्याचे प्रकार वाढले. आमच्या कॅलिफोर्नियात 2002 पासून कायदा आहे, दंड 100 डॉलर. थांबलं का काही? इटलीने 2019 मध्ये चार वर्षांखालच्या मुलांच्या सीटला, मूल गाडीत राहिलं तर वाजणारा अलार्म सक्तीचा केला. याला म्हणतात डोकं.

एडिसनची_वहिनी
100 डॉलर म्हणे! व्हिसावर असलेल्यांना विचारा. मुलाकडे दुर्लक्ष केल्याच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर हद्दपारीला कारण मिळतं. डिसेंबर महिना, लेकरू झोपलेलं, मी लायब्ररीच्या पेटीत पुस्तकं टाकत होते, गाडी नजरेसमोर. कोणा पुण्यवान बाईने 911 (इथला आणीबाणीचा नंबर) लावला. मग कित्येक महिने बालकल्याणवाली घरी येऊन फ्रिज उघडून बघायची. आमच्या न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये सांगितलं की दहाएक मिनिटं ठेवलं म्हणून सरसकट दुर्लक्ष धरू नका, आधी सुनावणी घ्या. पण सुनावणी होईस्तोवर आमचं बीपी कोण बघणार?

संत्राबर्फी (नागपूर)
तुमचं डॅलस राहू द्या जी. इथं मे महिन्यात पारा 45 च्या वर. आधी काचेवरच्या काळ्या फिल्मचं बोला. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं बंद केली, तेव्हापासून गाडी म्हणजे भट्टी. भर चौकात पोलिसानं माझ्या गाडीची फिल्म टरकावली, पोरगी मागं भोकाड पसरून रडत होती.

नियमवाचस्पती (पुणे)
अवांतर आहे, पण चुकीची माहिती खपवून घेणार नाही. मोटार वाहन नियम 100 प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून 70 आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत यायला हवा. या मर्यादेतली फिल्म चालते असं केरळ हायकोर्टाने 2024 मध्ये म्हटलंय.

संत्राबर्फी
तो निकाल आमच्या चौकातल्या हवालदाराले वाचून दाखव.

नियमवाचस्पती
आधी अरे-तुरे बंद करा. ओळख नाही, पाळख नाही.

संत्राबर्फी
बरं, दाखवा. हवालदार तोच आहे, अन् नेत्यांच्या काचा काळ्याकुट्टच आहेत.

सांजवात
धागा गेला कुठे! फिल्मवाल्यांनो, मे 2025 मध्ये आंध्रात विजयनगरमजवळच्या खेड्यात खेळता खेळता चार मुलं उभ्या गाडीत शिरली, अडकली आणि चौघंही गेली. साध्या काचेतून कोणाला दिसली नाहीत तर काळ्या काचेमागे काय दिसणार?

टाळकुटे
म्हणजे त्यांना कोणी ठेवून गेलं नव्हतं. माझाच मुद्दा मांडल्याबद्दल आभारी आहे.

सांजवात
घ्या, अलार्मचं मान्य. झालं समाधान? पण दुकानात सेल लागलाय म्हणून जाणूनबुजून ठेवून जाणारेही आहेत. मी इथल्या पार्किंगमध्ये बघते. त्यांना दंड हवाच.

एडिसनची_वहिनी
असू दे की दंड. फक्त 911 लावण्याआधी आजूबाजूला आई दिसते का बघायची सक्तीही त्यातच घाला.

संत्राबर्फी
50 टक्केवाली फिल्म नागपुरात कोण लावून देते? माहीत असंल त्यानं व्यनि (खाजगी निरोप) करा.