कडबा कुट्टी सारखी अडकायलीय, आणि वडील मशीनच्या तोंडात हात घालतात. काय करावं?

म्हशीवाला_केज

रामराम मंडळी. यंदा महाडीबीटीतून दोन एचपीची सिंगल फेज कडबा कुट्टी घेतली. घरी तीन म्हशी आणि दोन लाल कंधारी गायी. वाळला कडबा घातला की मशीन मस्त चालतं. हत्ती गवत किंवा उसाचं वाढं घातलं की रोलरला गुंडाळा बसतो, मोटर नुसती घुमते आणि पट्ट्याचा जळका वास सुटतो. कुट्टीही कापल्यासारखी नाही, चिंबल्यासारखी पडायलीय, धागे लोंबतात.

दुसऱ्या गोष्टीनं जास्त डोकं उठलंय. अडकलं की आमचे वडील समोरून हात घालून धाटं ओढतात. साठी ओलांडलीय, ऐकायचं नाव नाही. लाईट गेलेली असली की म्हणतात, "आता तर लाईटच नाही, काय होतंय?" दुकानदारानं रोलरवरचं झाकण बसवलंच नाही, पिशवीत घालून दिलं. "लावलं की वैरण नीट जात नाही, बघा तुमच्या मर्जीनं" म्हणाला. संध्याकाळी चारा घालायला आई आणि बायको असतात. त्यांना हातमोजे आणावेत का? आणि मशीन टिकावं म्हणून काय काय बघायचं?

परळीकर

पाती बोथट झालीत. धार लावा, सगळं सरळ होईल. हत्ती गवतावर कुणाचंच मशीन धड चालत नाही.

वायंडिंगवाला_अंबाजोगाई

परळीकर दादांचं अर्धं बरोबर आहे. माझं मोटर भरायचं दुकान आहे. उन्हाळा लागला की पाण्याच्या मोटरीपेक्षा कुट्टीच्याच मोटरी जास्त येतात, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी वडिलांचं. लाईट गेली, मशीन थांबलं, पण बटण चालूच राहिलं ना? आपल्याकडं लाईट जाते तशीच न सांगता येते, आणि आली की मोटर त्याच क्षणी उठते. साध्या बटणाला काय किंवा एमसीबीला काय, लाईट गेल्याचं कळतच नाही, ती आहे तिथंच चालू राहते. म्हणून बाकी काही आणायच्या आधी हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर बसवा. त्याच्या आत कॉईल असते. लाईट गेली की ती सुटते, आणि परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर हलत नाही. विहिरीवर रातच्या लाईटसाठी आपण स्टार्टरला ऑटो जोडतो, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप चालू होते. घरात एखादा ऑटो पडून असेल, जोडणाराही हौशी असेल, पण कुट्टीला तो लावायचा नाही म्हणजे नाही. माझ्याकडं कुणी मागायला आला तर मी देत नाही.

स्टार्टर असला तरी अडकल्यावर बोर्डातली पिन काढायची आणि जो साफ करणार त्यानंच ती स्वतःच्या नजरेसमोर ठेवायची. दुसऱ्याच्या भरवशावर "बंद केलंय रे" नको. मग चाक थांबेपर्यंत उभं राहायचं. बटण बंद केल्यावरही ते जड चाक फिरत राहतं, आणि पाती त्याच्यावरच आहेत. थांबलं की गिअरचा दांडा उलटा टाकून, पात्यांपासून लांब चाकाची कड धरून हळू फिरवा, वैरण आपोआप मागं येते. राहिलेलं लाकडी दांड्यानं किंवा आकड्यानं काढा, बोटानं नाही. ताणात बसलेला गुंडाळा सुटला की बिनलाईटचंही चाक झटका मारतं. चाकाला अडकवायची खुंटी असेल तर साफ करताना ती घातलेली पाहिजे.

आता तुमची चिंबलेली कुट्टी. धार हे एक कारण झालं. दुसरं बहुतेक जण बघतच नाहीत, ते म्हणजे पातं आणि तोंडावरची पट्टी यांच्यातली फट. वैरण त्या पट्टीवर टेकते आणि पातं ती कापत जातं. फट वाढली की वाळला कडबा कडक असल्यामुळं तरी तुटतो. हिरवं गवत मात्र लवचिक, ते दुमडून फटीत शिरतं आणि तिथूनच जाम सुरू होतो. तपासायला वर्तमानपत्राची हातभर लांब पट्टी घ्या. पिन काढलेली, झाकण उघडं. कागदाचं एक टोक लोखंडी पट्टीवर टेकवून धरा, बोटं चांगली लांब ठेवा आणि दुसऱ्या हातानं चाक हळू फिरवा. कागद कात्रीनं कापल्यासारखा तुटला तर ठीक. दुमडून आत ओढला गेला तर पात्यामागचे सेटिंगचे बोल्ट फिरवून पातं पुढं घ्या. पात्याच्या दोन्ही टोकांना कागद लावून बघा. कारण एक टोक बरोबर आणि दुसरं लांब, हे फार वेळा असतं. पुढं घेताना घासायला लागलं, खर्रर आवाज आला, तर केसभर मागं.

धार फक्त उताराच्या बाजूनं लावायची. सपाट बाजूला ग्राइंडर लावला की पातं गेलंच समजा, परत पट्टीला बसत नाही. घासताना मधूनमधून पाण्यात बुडवा. कड निळी पडली तर पोलादाचा कडकपणा गेला, मग ती धार चार दिवस टिकत नाही. सगळी पाती सारखीच घासा. एकच घासलं तर वजनात फरक पडतो आणि चाक थरथरतं. पात्याचे बोल्ट दर वेळी मशीन लावायच्या आधी पान्यानं बघा. एखादा पडला तर कंपनीच्या जातीचाच कडक बोल्ट आणा, पत्र्याच्या शेडचा मऊ बोल्ट तिथं ठोकू नका. सुटलेलं पातं गोळीसारखं जातं.

पट्ट्याचा वास म्हणजे पट्टा घसरतोय. मधोमध अंगठ्यानं दाबून बघा. अर्ध्या इंचाच्या आसपास दबला पाहिजे. ढिला असेल तर मोटर मागं सरकवा. पट्ट्यावरची जाळी परत बसवा, ती काढायची फॅशनच झालीय. आणि मोटर घुमायला लागली की लगेच बंद. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, त्यात घरापासून गोठ्यापर्यंत पंख्याची वायर ओढलेली असते. अशी दोन मिनिटं घुमली की मोटर माझ्या दुकानात. तांब्याची २.५ स्क्वेअर एमएमची वायर ओढा, अंतर जास्त असेल तर ४ ची. गोठ्यात मूत, पाणी, ओल, आणि मशीन सगळं लोखंडी. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारं बटण) यात काटकसर करू नका. ग्रीस, ऑईल जे काय करायचं ते पिन काढूनच.

हत्ती गवत सकाळी कापून दुपारपर्यंत सुकू द्या. एक मूठ गवत, एक मूठ कडबा असं घाला. आमच्याकडं याच्यावर चालतं.

गोठा_लोहा

दादा, हातमोजे मुळीच आणू नका. मी रोज दहा-बारा जनावरांची कुट्टी करते. मोज्याचं टोक रोलरनं एकदा धरलं की तो हात घेऊनच आत जातो. नुसत्या हाताला निदान काडी सोडता तरी येते. आम्ही शेतात साडीवर गड्याचा शर्ट घालतो ना, तसाच घालायचा, पण बाह्या कोपरापर्यंत घट्ट दुमडून. पदर आत, डोक्याचा रुमाल मागं गाठ मारून, वेणी आत. बांगड्या काढायला तुमच्या आई नाही म्हणाल्या तर त्यांना मशीनपाशी बसवूच नका, पेंढ्या सोडायचं काम द्या.

ते पिशवीतलं झाकण आज बसवा. वैरण जात नाही म्हणजे मूठ मोठी घेताय, एवढंच. आमच्याकडं वैरण ठेवून आत सरकवायची पुढची पाटी आखूड होती, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून हातापेक्षा लांब करून घेतली. अर्ध्या भागावर पत्रा आहे, आता हात रोलरपर्यंत पुरतच नाही. खरी गडबड शेवटच्या मुठीला होते. धाटं संपत आली की माणूस हातानं रेटतो. रेटायचं नाही. पुढची मूठ मागं लावायची, आणि सगळ्यात शेवटचं काठीनं ढकलायचं, नाहीतर तसंच सोडायचं.

पेंढी आधी सोडून झटकून घ्यायची. आत विळा सापडलाय मला, एकदा तारेचा तुकडा. तो पात्यात गेला तर काय, ते वरच्या भाऊंनी लिहिलंच आहे. एकटीनं मशीन लावायचं नाही. दुसरं माणूस लाल बटणापाशी, आणि बटण घालणारीच्याही हाताला येईल असं. लेकरं दावणीच्या पलीकडं. संध्याकाळी दिवा पाठीमागं असला की आपलीच सावली तोंडावर पडते, म्हणून बल्ब मशीनच्या वर लावा.

विषय निघालाच आहे म्हणून सांगते. कोवळी ज्वारी, पाण्याचा ताण बसलेली, कुट्टी करून घातली तरी जनावराला लागते. बारीक केली म्हणून विष जात नाही. निसवल्याशिवाय घालू नका.

परळीकर

ताईंचं शंभर टक्के. आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक हात गेला तर १ लाख मिळतात, हे वडिलांना सांगून बघा. आमच्या आबांना आकडा ऐकूनच राग आला होता, "हाताचे एवढेच?" म्हणून. त्यानंतर काठी वापरायलेत.

म्हशीवाला_केज

सगळ्यांचे आभार. कागद लावून बघितला. डाव्या टोकाला कापला, उजव्या टोकाला नुसता दुमडला. पातं पुढं घेतलं, आता कडबा घालून मिसळ गवत चाललंय. झाकण बसवलं. बायको म्हणते आधीपेक्षा कचराही कमी उडतो. स्टार्टर उद्या आणतो. वडिलांचं म्हणाल तर पिन बायकोकडं दिलीय, आणि ती त्यांना देत नाही.

एकच राहिलं. उलटा गिअर टाकताना कडकड आवाज येतो. गिअर गेला का?

वायंडिंगवाला_अंबाजोगाई

चाक फिरत असताना टाकत असाल. पूर्ण थांबल्यावर टाका. नाहीच बसला तर चाक थोडं हलवा, दात जुळले की बसतो. तरीही आवाज आला तर गिअरचं झाकण उघडून जुनं ग्रीस पुसा आणि दात बघा. टोकं गोल झाली असतील तर दोन्ही गिअर जोडीनं बदला. आणि स्टार्टर घेताना मोटरच्या पाटीवरचे अँपिअर लिहून न्या, दुकानदार नुसतं एचपी विचारून कुठलाही देतो.