आधी दर्शनी बाजू, मग बिजागरी

जुन्या जर्मन पाणबुडी बिल्ल्याच्या पाठीमागची बिजागरी आणि पिन अडकवायचा आकडा जुळला की तो कुठल्या कारखान्याचा ते ठरलं, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांवरच्या नौसैनिकांना मिळणारा हा बिल्ला ऑक्टोबर १९३९ चा. सुरुवातीचे नग टोंबाकचे, म्हणजे तांबं जास्त असलेल्या पितळेचे. त्यावर डाख सहज बसतो. पुढे जस्त आलं, त्यावर डाख नीट धरत नाही.

माझ्याकडे जस्ताचा एक आहे. भिंगाखाली आकड्याच्या बुडाशी डाखाचा चकचकीत ओघळ दिसला, बाकी पाठ मात्र करडी पडलेली. म्हणजे आकडा नंतर कुणीतरी बसवलेला! तेव्हापासून मी आधी दर्शनी बाजूच्या गरुडाची पिसं आणि माळेची पानं खात्रीच्या नगाशी ताडून बघतो. श्वेरिन या बर्लिनच्या कारखान्याच्या काही बिल्ल्यांवर तर पाठीमागे नावच असतं.