हरले, पण निवडून आले! (‘आपलं कुटुंब’ ग्रुप)

काका (नागपूर): *Forwarded* स्कॉटलंड लवकरच वेगळा देश!!
मंदार, काय होऊन राहिलं बाप्पा तिकडं?

मंदार (ग्लासगो): काही नाही काका, हे फॉरवर्ड अधूनमधून येतंच 😄 सार्वमत घ्यायचं तर लंडनने अधिकार द्यावा लागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथल्या (ब्रिटनच्या) सुप्रीम कोर्टाने एकमताने तेच सांगितलं. २०१४ ला दिला होता, म्हणून झालं.

आत्या (मडगाव): तेव्हा तू मत दिलं होतंस ना रे?

मंदार: हो, भारतीय पासपोर्टवर! इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थवाल्यांना मत होतं. लंडनला राहणारा माझा अस्सल स्कॉटिश मित्र मात्र हात चोळत बसला. बोटाला शाई नाही, ओळखपत्र विचारलं नाही, हातात पेन्सिल दिली. १६ वर्षांची पोरंही रांगेत. ५५-४५ ने ‘नाही’ जिंकलं. आमच्या ग्लासगोने ‘हो’ म्हटलं होतं.

आई: तू काय म्हटलंस?

मंदार: गुप्त मतदान असतं आई 🙏

आत्या: आमचा कौल १६ जानेवारी १९६७ चा. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहायचं. माझे सासरे फुलवाले, त्यांचे सख्खे भाऊ पानवाले. विहीर एक, बोलणं बंद! मुंबईतल्या गोंयकारांना मत नव्हतं. पानं ३४ हजारांनी जिंकली. आणि मग गंमत बघा, लगेच निवडणूक झाली तर विलीनीकरणवाले भाऊसाहेब बांदोडकरच परत मुख्यमंत्री!

मंदार: अगं, इथेही डिट्टो! सार्वमत हरलेल्या एसएनपीला (वेगळा स्कॉटलंड मागणारा पक्ष) २०१५ च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत स्कॉटलंडमधल्या ५९ पैकी ५६ जागा. हरलेले सगळे एका पक्षामागे, जिंकलेले तीन पक्षांत वाटलेले. २०२४ ला मात्र ९ वर आपटले.

काका: तुमचं बरं आहे, विचारलं तरी. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होती आमची. राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं १९५५ मध्ये लिहून दिलं, विदर्भ वेगळा करा. केला? त्याआधी विदर्भ मराठी राज्यात आणायचा १९५३ चा नागपूर करार, त्यावर सह्या पुढाऱ्यांच्या. लोकांले कोणी विचारलं?

बाबा: दादा, हिवाळी अधिवेशन येतं की तुमच्याकडे.

काका: येतं न. हुरडा खाते, संत्रीच्या पेट्या भरते अन् जाते.

सई: काका, मी यूपीएससीसाठी हेच वाचतेय 🙈 नवीन राज्यासाठी आपल्याकडे सार्वमत लागतच नाही. गोव्यासाठी १९६६ मध्ये वेगळा कायदा केला होता. एरवी राज्यघटनेचं कलम ३. संसद साध्या बहुमताने नवीन राज्य बनवू शकते. विधानसभेचं मत फक्त मागवतात. आंध्रच्या विधानसभेने २०१४ ला विधेयक फेटाळलं, तरी २ जूनला तेलंगण झालंच.

काका: म्हणजे मुंबईनं नाही म्हटलं तरी दिल्ली देऊ शकते?

सई: कायद्याने हो. पण दिल्लीत ते मांडणारं कुणी हवं ना. तेलंगणासाठी तिथले लोक वर्षानुवर्षं रस्त्यावर होते.

काका: आमच्याकडं निवडणुकीपुरते सगळे विदर्भवादी. शपथ झाली की विसरून जातेत.

बाबा: दादा, तुम्ही आधी घरच्या विधानसभेचं मत मागवा. वहिनी दादरच्या आहेत 😂

काका: सईनं सांगितलं ते वाचलं नाहीस का? फक्त मागवायचं असते.