यंत्राला मुलासारखं शिकवता येईल का?

रानवाट: संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगने १९५० मध्येच सुचवलं होतं, मोठ्या माणसाच्या मनाची नक्कल करणारं यंत्र करण्यापेक्षा लहान मुलाच्या मनाचं करा आणि मग त्याला शिकवा. झालं उलटंच. २०२० च्या जीपीटी-३ या मजकूर लिहिणाऱ्या संगणक-प्रणालीला सुमारे ३०० अब्ज टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, वाचायला दिले. आपलं पोर दहा-बारा वर्षांत फार तर दहा कोटींच्या आसपास शब्द ऐकतं, आणि तिसऱ्या वर्षीच आजीशी वाद घालतं! माझ्या मते मजकूर वाढवत नेणं हा रस्ताच चुकीचा आहे. मूल पेला पाडतं, आपल्याकडे बघतं, पुन्हा पाडतं. पुढे काय शिकायचं ते त्याचं तेच ठरवतं.

चिंचोका: अजिबात पटलं नाही. २०२४ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी एका बाळाच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्याचं ६१ तासांचं चित्रण साध्या न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीला, दिलं. बाळाचं वय सहा ते पंचवीस महिने. तेवढ्यावर ते नेटवर्क चेंडू, पाळणा असे बरेच शब्द चित्रांशी जोडायला शिकलं. ना हात, ना पाय, ना कुतूहल. शिवाय आठ महिन्यांची बाळं दोन मिनिटं ऐकून कोणत्या अक्षरामागे कोणतं येतं हे हेरतात, हे १९९६ मध्येच दिसलंय. पोरं 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतात तेही नमुना पकडूनच ना?

रानवाट: पण कॅमेरा कोणाच्या डोक्यावर होता? बाळाला जे बघायचं तिकडेच तो वळणार, आणि मोठी माणसं बहुधा त्याच वस्तूचं नाव घेणार. कुतूहल त्या चित्रणात आधीच मुरलेलं आहे.

मावशी_पुणे: रानवाट यांच्या बाजूने: १९६३ चा हेल्ड आणि हाइन यांचा प्रयोग. मांजरीची दोन पिल्लं, एक फिरत्या दांड्याला बांधलेलं, स्वतः चालतंय, दुसरं त्याच दांड्याला टांगलेल्या पाळण्यात. दोघांना दिसत होतं जवळपास सारखंच. पण टांगलेल्या पिल्लाला समोरचं किती खोल किंवा लांब आहे याचा अंदाज नीट येईना.

चिंचोका: मावशी, ते नजरेचं झालं. जन्मापासून हातपाय न हलवता येणारी मुलंही भाषा उत्तम शिकतात. त्यांचं काय?

रानवाट: ती मुलंही नजरेने निवडतातच. वाद मिटवायचा तर तितकंच चित्रण भिंतीवरच्या स्थिर कॅमेऱ्याने घ्या, तेच नेटवर्क त्यावर शिकवा आणि दोन्हींचे शब्द मोजा. भिंतीवरचा कॅमेरा बरोबरीला आला, तर मी माझं म्हणणं मागे घेईन.