रॅपिडचं रेटिंग अडकलंय, नेमका कशाचा सराव करू?

धागाकर्ता:
नमस्कार मंडळी. वय ४४, बुद्धिबळ शाळेपासून खेळतोय. क्लासिकलला (लांब वेळेचे डाव) १८५० च्या आसपास आहे, पण रॅपिडला (कमी वेळेचे डाव) दोन वर्षं १६५० वरच घुटमळतोय. रविवारच्या स्पर्धा खेळतो, १५ मिनिटं अधिक चालीला १० सेकंद. डाव चांगला येतो, पटावर मीच वरचढ असतो आणि घड्याळात जेमतेम दीड मिनिट उरलेलं असतं.

गेल्या रविवारचा डाव अजून डोक्यातून जात नाही. माझा राजा डी८, प्यादं डी७, हत्ती एफ१. समोरच्याचा राजा जी७, हत्ती सी२. जिंकलेली स्थिती, कितीतरी वेळा अभ्यासलेली. मी राजा ई७ वर काढला. शह. डी६, शह. सी७, शह. परत डी८. हेच चक्र फिरत राहिलं, तीच स्थिती तिसऱ्यांदा आली आणि त्याने बरोबरी मागून घेतली. घरी येऊन पट मांडला तर उत्तर लगेच दिसलं.

रोज पाऊण तास काढता येतो. कोडी भरपूर सोडवतो. कोच लावू की ओपनिंगचा (डावाच्या सुरुवातीच्या चालींचा) कोर्स घेऊ? अनुभवी लोकांनी सांगावं.

अडीचघर:
पैसे खर्च करण्याआधी आपला वेळ कुठे जातो ते बघा. रॅपिडमध्ये चाली लिहायची सक्ती नसते, त्यामुळे स्पर्धेतल्या डावाचं काहीच हाती राहत नाही. लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर हाच १५+१० चा डाव आठवड्याला तीन-चार वेळा खेळा. डाव संपल्यावर विश्लेषणात कुठल्या चालीला किती सेकंद गेले ते दिसतं. दीड मिनिटाच्या वर गेलेली प्रत्येक चाल वहीत उतरवा आणि समोर कारण लिहा: ओपनिंग आठवेना, दोन बऱ्या चालींतून एक ठरेना, की खरंच गणित अवघड होतं.

४० चालींचा डाव धरला तर तुमच्याकडे एकूण १३०० सेकंद असतात, म्हणजे चालीला साधारण ३२. माझी पहिल्या १२ चालींतच आठ मिनिटं जात होती, आणि बहुतेक वेळा कारण ‘दोन चालींतून एक ठरेना’ हेच होतं. इंजिनाला (बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रॅमला) विचारलं तर त्या दोन्ही चाली सारख्याच! तेव्हापासून मी अशा जागी मिनिटभराच्या वर थांबत नाही. वाचलेला वेळ मारामारीच्या जागी लागतो.

शेवटचंप्यादं:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. तुमच्या डावात हत्ती एफ४ हीच चाल होती. आधी हत्ती चौथ्या ओळीत, मग राजा बाहेर: ई७, डी६, ई६, डी५ असा शह चुकवत खाली यायचं आणि शेवटच्या शहाला हत्ती डी४ वर आडवा. याला पूल बांधणं म्हणतात ते यासाठीच. तुम्हाला हे माहीत होतं, पण हाताला नव्हतं. रॅपिडला ते हाताला लागतं.

उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो. सहा-सात एंडगेम (थोडीच मोहरी उरलेल्या शेवटच्या स्थिती) निवडा: हा एक, हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीत ठेवून बचाव करण्याचा फिलिडोर, राजा-प्याद्याचे दोन-तीन. घड्याळात एक मिनिट आणि चालीला १० सेकंद लावून इंजिनाविरुद्ध रोज एक खेळा. चुकला तर लगेच पुन्हा. मला तीन आठवडे लागले.

नागपूरकर:
रॅपिड म्हणजे दुय्यम खेळ असं मानू नका. २०२५ साली बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आमच्या दिव्या देशमुखचे कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले आणि निकाल रॅपिडवर लागला. त्या टायब्रेकचा दुसरा डाव जरूर लावून बघा. दिव्या काळी मोहरी घेऊन जिंकली, आणि हंपी म्हणजे रॅपिडची दोन वेळची विश्वविजेती.

ओपनिंगचं म्हणाल तर नवा कोर्स नको. पांढऱ्याने वजिराच्या गॅम्बिटमधला एक्स्चेंज (मधली प्यादी मारामारीत जातात तो प्रकार) आणि काळ्याने कारो-कान या दोनच सुरुवाती घ्या. कारो-कानच्या एक्स्चेंजमध्ये प्याद्यांची तीच रचना उलटून येते. एका बाजूने बी-प्यादं पुढे सारून हल्ला कसा करायचा हे शिकलात की दोन्ही रंगांना चालतं. योजना ठरलेली असली की घड्याळ वाचतं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांत सात डावांची वही झाली. दीड मिनिटाच्या वरच्या २३ चाली निघाल्या, त्यातल्या १४ समोर ‘ठरेना’ असं लिहिलंय. अवघड गणिताच्या फक्त चार. म्हणजे मी कोडी सोडवत होतो ती या चारांसाठी. कोच आणि कोर्स दोन्ही तूर्त बाजूला ठेवले.

पूल बांधायचा सराव रोज चालू आहे. काल ३८ सेकंद राखून जिंकलो. फिलिडोरला मात्र समोरच्याचं प्यादं त्याच्या सहाव्या ओळीत पोचल्यावर हत्ती प्याद्याच्या मागे न्यायला अजून उशीर होतो. @शेवटचंप्यादं, शनिवारी रात्री नऊला ऑनलाइन असाल तर तेवढी एकच स्थिती माझ्याशी दहा वेळा खेळाल का?

शेवटचंप्यादं:
नऊला नको, साडेनऊला या. पाच वेळा बचाव तुमचा, पाच वेळा माझा.